नेटबुक पुन्हा पुन्हा वायफायचा पासवर्ड मागतंय? दोष बहुतेक वेळा पासवर्डचा नसतो

लक्षण असं. जुन्या नेटबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, लिनक्स टाकलं, वायफायचं नाव दिसलं, पासवर्ड दिला, जोडणी झाली. दोन-चार दिवस सगळं सुरळीत. मग एका सकाळी मशीन चालू करावं तर पासवर्डची चौकट पुन्हा समोर. तोच पासवर्ड टाकला, थोडा वेळ चक्र फिरलं, पुन्हा चौकट. फोन मात्र त्याच वायफायला त्याच पासवर्डवर आरामात जोडलेला.

आमच्याकडचं मशीन म्हणजे २००९ साली घेतलेलं एसर अस्पायर वन. इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, अथेरॉसचं वायफाय कार्ड. आता ते अण्णांच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी असतं. उधारीचा हिशोब आणि मालाच्या ऑर्डरी त्यावर चालतात. आत डेबियन हे लिनक्स आहे, सध्या १२वी आवृत्ती, ३२-बिट. "परत पासवर्ड मागतंय रे," हा अण्णांचा फोन मला आजवर दहा-बारा वेळा तरी आला असेल. दर वेळी चौकट तीच, पण कारण वेगळं निघालं. ती कारणं कशी ओळखायची ते लिहितोय.

एक सूचना आधीच. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या.

ती चौकट नेमकं काय सांगते

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा-पद्धतीत तुमचा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. राउटर आणि नेटबुक दोघंही पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन आपापल्या जागी २५६ बिटांची एक किल्ली तयार करतात. त्यासाठी एकच गणिती क्रिया ४०९६ वेळा फिरवली जाते. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते, तिला फोर-वे हँडशेक म्हणतात. पहिला निरोप राउटरचा, त्यात एक यादृच्छिक आकडा असतो. दुसरा नेटबुकचा, त्यात आपला आकडा आणि किल्लीने केलेली सही. राउटर ती सही स्वतःच्या किल्लीने ताडून पाहतो. जुळली तर तिसरा निरोप येतो, चौथ्याने पोच जाते आणि दोन्ही बाजू एन्क्रिप्शन सुरू करतात.

आता सही जुळली नाही तर? राउटर "पासवर्ड चुकला" असं कळवत नाही, तसा निरोपच या पद्धतीत नाही. तो गप्प राहतो, पहिला निरोप पुन्हा पाठवतो आणि थोड्या वेळाने संबंध तोडतो. नेटबुकला एवढंच कळतं की हँडशेक पूर्ण झाला नाही. म्हणून डब्ल्यूपीए सप्लिकंट (नेटबुकच्या बाजूने हा हँडशेक करणारा प्रोग्राम) नोंदीत लिहितो, "फोर-वे हँडशेक फेल्ड, प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट". त्यातलं "मे बी" महत्त्वाचं आहे. तो अंदाज आहे. जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर तो अंदाज खरा धरून तुमच्यासमोर चौकट टाकतो. सिग्नल कमजोर असल्याने तिसरा निरोप हरवला, ड्रायव्हर अडखळला, राउटरला वेगळ्याच पद्धतीचं एन्क्रिप्शन हवं होतं, तरी शेवटी दिसते ती हीच चौकट.

म्हणून पहिलं काम पासवर्ड पुन्हा टाकणं हे नाही. पहिलं काम नोंद बघणं. जोडणी फसल्यावर लगेच टर्मिनल उघडा आणि सुडो डीमेसग ही आज्ञा द्या. शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत क्रम दिसतो: ऑथेंटिकेट विथ, ऑथेंटिकेटेड, असोसिएट विथ, असोसिएटेड. यातल्या "ऑथेंटिकेटेड" शब्दाने फसू नका. डब्ल्यूपीए२ मध्ये ही पायरी केवळ उपचाराची आहे, पासवर्डशी तिचा संबंध नाही. पासवर्डची परीक्षा "असोसिएटेड" नंतर होते.

असोसिएटेड येऊन मग कारण क्रमांक १५ किंवा २ देऊन संबंध तुटला असेल तर गडबड किल्लीची किंवा हँडशेकची. "ट्राय १/३, २/३, ३/३" आणि मग "टाइम्ड आउट" असेल तर नेटबुकचा आवाजच राउटरपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे सिग्नल किंवा चॅनेल पाहायचं. आणि यातलं काहीच नसेल, राउटरचं नावही यादीत नसेल, तर आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्या. "हार्ड ब्लॉक्ड: येस" दिसलं तर वायफायचं बटण बंद आहे. आमच्या एसरला ते पुढच्या कडेला सरकतं बटण आहे आणि पिशवीत घालताना हमखास सरकतं. आसुसच्या ई-पीसीवर एफएन आणि एफ२ मिळून हेच काम होतं. "सॉफ्ट ब्लॉक्ड" असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय पुरे.

किल्लीची गडबड: आधी कीबोर्ड

नेटबुकचा कीबोर्ड लहान, त्यामुळे वेगळा नंबरपॅड नसतो. तो अक्षरांच्या कळांमध्येच लपवलेला असतो. नमलॉक चालू झालं की जे, के, एल या कळा १, २, ३ होतात. यू, आय, ओ या ४, ५, ६ होतात आणि एमचा ० होतो. आमचा तेव्हाचा पासवर्ड इंग्रजीतल्या "जळगाव"ने सुरू व्हायचा, स्पेलिंग जे-ए-एल-जी-ए-ओ-एन. नमलॉक चालू असताना अण्णा अगदी बरोबर टाइप करत होते आणि आत जात होतं १-ए-३-जी-ए-६-एन. चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे पत्ता लागणं कठीण. लिनक्सच्या काही प्रकारांमध्ये नमलॉकएक्स नावाचा प्रोग्राम असतो, तो लॉगिनच्या वेळी नमलॉक आपोआप चालू करतो. डेस्कटॉपला ते सोयीचं, नेटबुकला नाही. काढून टाका.

दुसरी गोष्ट मराठीत टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला येते. अण्णा हिशोब इन्स्क्रिप्टमध्ये लिहितात. कीबोर्ड मराठीवर असताना पासवर्डची चौकट आली की आत देवनागरी अक्षरं पडतात, बाहेर ठिपके तेवढेच दिसतात. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं एवढ्यातूनच बनतो, देवनागरी त्यात बसत नाही. चौकटीतल्या "पासवर्ड दाखवा" या खुणेवर टिचकी मारून एकदा डोळ्यांनी पाहणं हा माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ वाचवणारा उपाय आहे. मी आता फोनवर अण्णांना पहिला प्रश्न हाच विचारतो: "अण्णा, अक्षरं दिसतायत का? वाचून दाखवा."

मराठीवरून आठवलं. वायफायचं नाव देवनागरीत ठेवता येतं, पण त्याला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट खाते. अण्णांच्या हौसेखातर मी नाव ठेवलं होतं "गजानन किराणा". मोजून पाहा: ग, ज, काना, न, न मिळून १५, मधली मोकळी जागा १, आणि क, वेलांटी, र, काना, ण, काना मिळून १८. एकूण ३४. राउटरने ते ३२ वर कापलं. शेवटच्या कान्याचा एकच बाइट उरला, त्यामुळे फोनवर "गजानन किराण" आणि पुढे एक चौकोन दिसायला लागला. फोन यादीतून निवडतो म्हणून जोडला जायचा. नेटबुकच्या फाइलमध्ये मी पूर्ण नाव हाताने लिहिलं होतं, ते कधीच जुळलं नाही. आता नाव नुसतं "गजानन" आहे, १५ बाइट.

माझे दोन दिवस खाल्लेली चूक

पूर्वी रॅम वाचवण्यासाठी मी नेटवर्क मॅनेजर काढून डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल हाताने लिहिली होती. पासवर्ड उघडा ठेवायचा नाही म्हणून डब्ल्यूपीए पासफ्रेज हे साधन वापरलं. ते नाव आणि पासवर्ड घेऊन ६४ अक्षरांची तयार किल्ली देतं, ती फाइलमध्ये ठेवायची. (त्याच्या उत्तरात मूळ पासवर्डही हॅशच्या खुणेमागे छापलेला असतो. ती ओळ पुसायला विसरू नका, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ.)

पुढे इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. मी त्याच्याकडून पासवर्ड जुनाच ठेवून घेतला. वायफायच्या तेव्हाच्या इंग्रजी नावात मात्र त्याने पहिलं अक्षर मोठं केलं. फाइलमध्ये मी नावाची ओळ दुरुस्त केली, किल्लीची ओळ तशीच ठेवली. पासवर्ड तोच आहे ना, मग किल्लीही तीच असणार, असं मी धरून चाललो. दोन दिवस हँडशेक फसत राहिला. दुसऱ्या दिवशी रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून स्टुलावर बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला: किल्ली पासवर्ड आणि नाव दोन्हींतून बनते. नावातलं एक अक्षर बदललं की ६४च्या ६४ अक्षरांची किल्ली नवी. साधन पुन्हा चालवलं, नवी किल्ली चिकटवली, पाच सेकंदांत जोडणी झाली.

म्हणून राउटर बदलल्यावर किंवा वायफायचं नाव बदलल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, आणि फाइलमध्ये ६४ अक्षरांची किल्ली असेल, तर आधी तिथेच बघा. नेटवर्क मॅनेजरमध्ये असाल तर जुनी जोडणी पूर्ण पुसून नव्याने बनवा: एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट आणि पुढे जोडणीचं नाव.

राउटरची सेटिंग

इथे मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. नेटबुक जोडलं जात नाही म्हटल्यावर राउटर बसवायला आलेल्या मुलाने अण्णांना सांगितलं, "काका, पासवर्ड काढून टाकू, नाहीतर वेपवर ठेवू, जुन्या मशीनला तेच चालतं." कृपा करून हे करू देऊ नका. वेप ही वायफायची जुनी सुरक्षा-पद्धत १९९७ ची आहे. त्यातला दोष २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवला. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं. ज्या मशीनवर लोकांची उधारी आणि बँकेचं खातं उघडतं, तिथे वेप म्हणजे गल्ल्याला कागदाचं कुलूप.

आणि जुन्या मशीनला डब्ल्यूपीए२ चालत नाही हे खरंही नाही. वायफायचा शिक्का हवा असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला मार्च २००६ पासून डब्ल्यूपीए२ सक्तीचं आहे, आणि नेटबुकं बाजारात आली २००७ च्या शेवटी. आमच्या एसरचं कार्ड ते उत्तम करतं.

अडतं ते मिश्र प्रकारांत. एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट ही आज्ञा देऊन सिक्युरिटीचा रकाना पाहा. तिथे "डब्ल्यूपीए१ डब्ल्यूपीए२" असेल तर राउटर एन्क्रिप्शनचे दोन्ही प्रकार, जुनं टीकेआयपी आणि नवं एईएस, चालवतोय. "डब्ल्यूपीए२ डब्ल्यूपीए३" असेल तर तो नव्या पद्धतीचीही बोली लावतोय आणि काही जुने ड्रायव्हर तिथे गडबडतात. राउटरच्या पानावर जाऊन २.४ गिगाहर्ट्झसाठी "डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस" एवढंच निवडा. घरात नवे फोन असतील तर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवून त्यावर डब्ल्यूपीए३ खुशाल चालवा. आमचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतं, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी "स्मार्ट" सेटिंग मी बंदच केली.

राउटर तुमच्या हातात नसेल, तर नेटबुकच्या बाजूने जोडणीलाच बजावता येतं. एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, पुढे जोडणीचं नाव आणि त्यापुढे वायफाय-सेक डॉट की-एमजीएमटी याला डब्ल्यूपीए-पीएसके द्या, वायफाय-सेक डॉट पीएमएफ याला १ द्या. १ म्हणजे पीएमएफ (जोडणी सांभाळणाऱ्या निरोपांचं संरक्षण) बंद, नव्या पद्धतीकडे वळूच नको. हा उपाय राउटर हाती नसेल तेव्हाच करावा.

राउटरच्या पानावर आहातच तर चॅनेलही बघून घ्या. भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकेच्या नियमांवर बेतलेली कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. राउटर "ऑटो"वर असेल आणि एखाद्या रात्री १३ वर गेला, तर सकाळी नेटबुकच्या यादीतून तो गायब, आणि दोन दिवसांनी आपोआप परत. असा येणारा-जाणारा दोष माणसाला वेड लावतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा, प्रश्न मिटला.

दर वेळी चालू करताना विचारतंय, पण पासवर्ड दिला की चालतं

हा अगदी वेगळा दोष. इथे एन्क्रिप्शन, राउटर, कार्ड सगळं ठीक आहे, फक्त पासवर्ड साठवण्याची जागा चुकली आहे. नेटबुक लॉगिन न विचारता थेट डेस्कटॉप उघडतं ना? मग कीरिंग, म्हणजे पासवर्डांची तिजोरी, कुलूपबंदच राहते, कारण ती एरवी तुमच्या लॉगिनच्या पासवर्डने उघडते. जोडणीच्या सेटिंगमध्ये वायफाय सिक्युरिटीच्या पानावर पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला छोटं चिन्ह आहे, तिथे "सर्व वापरकर्त्यांसाठी साठवा" निवडा. टर्मिनलमधून करायचं तर वायफाय-सेक डॉट पीएसके-फ्लॅग्ज याला ० द्या. मग पासवर्ड ईटीसी खालच्या नेटवर्क मॅनेजरच्या सिस्टिम-कनेक्शन्स या फोल्डरमध्ये जातो. त्या फाइलची मालकी रूटची (मशीनच्या मुख्य खात्याची) आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, हवी. बॅकअपमधून फाइल परत आणताना परवानगी सैल झाली तर नेटवर्क मॅनेजर ती फाइल वाचतच नाही, आणि जोडणी यादीतून नाहीशी होते.

डेबियन बसवताना वायफाय वापरलं असेल तर आणखी एक गोष्ट. काही वेळा इन्स्टॉलर जोडणीची माहिती ईटीसी-नेटवर्क-इंटरफेसेस या फाइलमध्ये लिहितो. नेटवर्क मॅनेजर मग त्या कार्डाला हात लावत नाही, "अनमॅनेज्ड" म्हणतो. एका कार्डाला एकच धनी हवा. त्या फाइलमधल्या वायफायच्या ओळींपुढे हॅश लावा, मशीन पुन्हा चालू करा.

जोडलंय, पण साइट उघडत नाहीत

आमच्याकडे हे दर मंगळवारी व्हायचं. सोमवारी दुकान बंद, अण्णा मुख्य बटण बंद करून जातात. नेटबुकची मोठी बॅटरी कधीच मेली आहे, आणि घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेलही संपला होता. त्यामुळे मंगळवारी मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे. घरगुती डब्ल्यूपीए२ ला तारखेशी देणंघेणं नाही, म्हणून जोडणी व्हायची. पण कुलपाची खूण असलेली प्रत्येक साइट प्रमाणपत्राची तारीख तपासते, ती काही उघडायची नाही. अण्णांच्या भाषेत दोन्ही एकच: "वायफाय गेलं." कोपऱ्यातलं घड्याळ बघा, एवढंच सांगायचं होतं. सेल बदलला, प्रकार बहुधा सीआर२०३२ असतो.

कॉलेज किंवा ऑफिसच्या वायफायवर, जिथे नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात, तिथे मात्र हेच घड्याळ जोडणीही रोखतं. तिथे राउटरमागचा सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो आणि मागे पडलेल्या घड्याळाला ते "अजून लागू न झालेलं" वाटतं. पोरगं आठ दिवस पासवर्ड बदलून घेत फिरतं आणि दोष तारखेचा असतो.

जोडलं, चाललं, अर्ध्या तासाने तुटलं

आधी वीज वाचवण्याची सेटिंग बंद करून पाहा: सुडो आयडब्ल्यू डेव्ह, पुढे कार्डाचं नाव (डब्ल्यूलॅन० किंवा डब्ल्यूएलपीने सुरू होणारं), मग सेट पॉवर-सेव्ह ऑफ. यातला पॉवर-सेव्ह टाइप करताना मधे अंडरस्कोर. याने थांबलं तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्ह २ करून ते कायमचं करा. नाही थांबलं आणि कार्ड अथेरॉसचं असेल, तर ड्रायव्हरला एन्क्रिप्शनचं गणित कार्डाकडून न करून घेता प्रोसेसरकडून करून घ्यायला सांगता येतं. अथेरॉसच्या एथ५के आणि एथ९के या दोन्ही ड्रायव्हरना नोएचडब्ल्यूक्रिप्ट नावाचा पर्याय आहे, त्याला १ द्यायचं. अ‍ॅटमवर थोडा भार येतो, पण एन्क्रिप्शन तेवढंच मजबूत राहतं.

ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२ कार्ड असलेल्यांनी आधी एलएसपीसीआय -एनएनके देऊन कोणता ड्रायव्हर चाललाय ते पाहावं. त्याला बी४३ ड्रायव्हर आणि वेगळं फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्राम) लागतं, आणि ते उतरवायला इंटरनेट लागतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक लिनक्स ते लगेच ओळखतात.

सगळं करूनही कार्ड दाद देत नसेल तर यूएसबीचं छोटं वायफाय घ्या. लिनक्सवर बिनत्रासाचं म्हणाल तर एआर९२७१ चिप असलेलं. एथ९के-एचटीसी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअर डेबियनमध्ये मिळतं. दुकानात मॉडेलचं नाव विचारून थांबू नका, चिपचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक विचारा. त्याच नावाच्या, त्याच खोक्यातल्या पुढच्या आवृत्तीत चिप वेगळीच निघू शकते.